दोनशे सोळा दिव्यांचं गाऱ्हाणं

"घरमालक बोलत नाहीत" एवढं ऐकूनच मी ती खोली घेतली. आधीच्या गावात माझ्या घरमालकीणबाई मी किती वाजता आंघोळ करते इथपासून माझं लग्न का जमत नाही इथपर्यंत सगळ्यावर बोलायच्या. त्यामुळे रत्नागिरीजवळ, पावसच्या रस्त्यावरच्या एका वाडीत बदली झाली आणि शाळेचा शिपाई म्हणाला, "बाई, मालकांचा घसा कापला मुंबैला, आवाजच नाय त्यांना," तेव्हा वाईट वाटायच्या ऐवजी मला, देवा माफ कर, हायसं वाटलं. कसलं हायसं आणि काय! त्या न बोलणाऱ्या माणसानं दोन वर्षांत मला जेवढं ऐकवलं, तेवढं तीन मुख्याध्यापकांनी मिळूनही ऐकवलं नसेल.

त्यांच्या गळ्यात पाटी असायची. पहिलीतल्या मुलांची असते तशीच, लाकडी चौकटीची, सुतळीनं बांधलेली. पेन्सिल कानावर. भांडण लागलं की भराभर लिहायचे, पाटी समोरच्याच्या नाकापुढे धरायचे, आणि तो बिचारा उत्तराला तोंड उघडतोय तोवर मान खाली घालून, पाटी पुसून पुढचं लिहायला सुरुवात. त्याचं ऐकतंय कोण! माझं आणि त्यांचं पहिलं भांडण न्हाणीतल्या चुलीवरून झालं. मी चांगली दहा मिनिटं बोलले. शाळेत पोरं माझ्या आवाजाला टरकून असत. माझं सगळं झाल्यावर मालकांनी पाटी दाखवली: "घाटावरच्या माणसाला पाणीही कढत लागतं आणि डोकंही." आणि निघून गेले. भांडायला माणूस नाही, पाटीही नाही. मी एकटीच पडवीत उभी.

काकी, म्हणजे त्यांची बायको, शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. त्यामुळे नवराबायकोच्या भांडणात दुभाषी मी. मालक पाटी भरून लिहायचे, काकी ती त्यांच्या गळ्यातून ओढून काढून माझ्याकडे आणायच्या. "काय लिवलानी ओ बाई?" पाटीवर असायचं, "आमटीत मीठ घालायला माहेरची माणसं बोलावू का?" मी सांगायची, "आमटी बरी झालीय म्हणतात." काकी पदरानं घाम टिपत म्हणायच्या, "त्यांचा तोंड मला वाचता येता. तुमी फकस्त पाटी वाचा." पुढं पुढं मी खरं तेच वाचायला लागले. घरात त्यामुळे फरक काहीच पडला नाही.

धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. मंडणगडापासून पावसपर्यंत ज्याचं मशीन कुरकुरेल तो मालकांना पोस्टकार्ड टाकायचा. मशीनवर माया आणि टेलर लोकांवर राग. "मशीन खोटं बोलत नाही, टेलर बोलतो," हे वाक्य त्यांनी पाटीच्या मागच्या बाजूला ऑइलपेंटनं कायमचं रंगवून ठेवलं होतं, म्हणजे दर वेळी लिहायला नको. टेलरनं तक्रार सुरू केली की नुसती पाटी उलटी करायचे.

आवाज असताना हा माणूस कसा बोलायचा ते वाडीनं मला सांगितलं. सहाणेवरून, म्हणजे गावातल्या पालखीच्या चौथऱ्यावरून, हाक मारली की खाडीतली होडी वळायची म्हणे. खाडी तिथून किती लांब आहे ते मी पाहिलंय. होडी सोडा, कुत्रंही वळणार नाही. पण हे सगळे शपथेवर सांगत.

आणि त्या आवाजाला मान होता. कोकणातल्या मानपानाची मी पुष्कळ थट्टा केलीय. पालखीला पुढचा खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, होमाला पहिली काडी कोणाची, यावर ही माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. मालकांच्या घराण्याचा मान गाऱ्हाण्याचा. शिमग्यात देवाची पालखी त्या सहाणेवर बसली की गावाच्या वतीनं एकानं उभं राहून देवाकडे मागायचं: रोगराई वेशीबाहेर ने, गाईगुरं सांभाळ, पीकपाणी दे. आणि प्रत्येक मागणीला साऱ्या गावानं एका दमात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" हा होकार पडला तर मागणी देवाला पोचली. होकार नाही तर ती नुसती बडबड. मालकांच्या आजोबांनी गाऱ्हाणं घातलं, वडलांनी घातलं, मालकांनी बावीस वर्षं घातलं. मग घशात गाठ निघाली आणि मुंबईच्या डॉक्टरांनी जीव ठेवून आवाजाची पेटी काढून घेतली.

त्यानंतरच्या शिमग्यात गाऱ्हाणं वरच्या घरातल्या चुलतभावानं घातलं. "दादाला बरा वाटंपर्यंत," असं म्हणत. पुढच्या वर्षी शिमगा दोन महिन्यांवर आल्यावर गावच्या बैठकीत त्यानं ते शब्द गाळले. म्हणाला, "ज्याला वाचा नाय तो गाऱ्हाणा कसा घालनार? मान आता वरल्या घराकडं कायमचा द्या." मालकांना मूलबाळ नव्हतं. मान एकदा वर गेला की गेला. त्या दिवशी ते बैठकीतून घरी आले, पाटी खुंटीला अडकवली आणि तीन दिवस तिला हात लावला नाही. मी आले होते शांतता शोधत. ती मिळाली, आणि मला घरात बसवेना.

चौथ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर पाटी पुन्हा गळ्यात. त्यावर लिहिलेलं: "बाई, जुने एक्सरे कुठे मिळतील?"

मला वाटलं, संपलं, डोक्यावर परिणाम झाला. मग त्यांनी मला समोर बसवून सात पाट्या लिहून समजावलं. मुंबईला दवाखान्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीवर दिव्यांची पाटी दिसायची. तिच्यावर अक्षरं उजवीकडून यायची आणि डावीकडं चालत जायची. जाहिरात कसली तरी साबणाची. सातव्या पाटीवर होतं, "तोंड नाही, आवाज नाही, तरी अख्खा रस्ता वर बघतो. साबणाला जमतं तर मला का नाही?"

आता यंत्र सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एका फळीवर नऊ ओळींत दोनशे सोळा खिळे. प्रत्येक खिळ्यापासून एक तार, प्रत्येक तारेला झिरोचा एक बल्ब. बल्ब फणसाच्या मोठ्या फळीवर, चोवीस आडवे आणि नऊ उभे. खिळ्यांच्या वर दोनशे सोळा तांब्याच्या पट्ट्या, त्यांत करंट. आणि पट्ट्या नि खिळे यांच्यामधून सरकणार एक्सरेच्या फिल्मची लांबलचक पट्टी. फिल्ममध्ये जिथं भोक, तिथं वरची पट्टी खालच्या खिळ्याला टेकणार आणि बल्ब पेटणार. भोकं अक्षरांच्या आकारात पाडली की पट्टी सरकेल तशी अक्षरं चालणार. झालं! ऐकायला सोपं आहे. मला त्या फळीचे किती झटके बसले ते माझं मला माहीत.

एक्सरे सोड्यात धुऊन काढले की कोरे होत. त्यात मालकांचे स्वतःचेही होते. ते त्यांनी न धुता वापरले. वॉशर पाडायचा पोकळ पंच घ्यायचा, लाकडावर फिल्म ठेवायची आणि हातोडी मारायची. एका अक्षराला वीस-पंचवीस भोकं. शाळेतून आले की मी पंच घेऊन बसायची. कशाला बसायची, विचाराल, तर मलाही सांगता येणार नाही. मालकांनी विनंती केली नव्हती, हुकूम काढला होता: "बाईंचं अक्षर बरं आहे. कामाला लागा." भोकांतून पडलेल्या टिकल्या घरभर. भातात टिकली, अंथरुणात टिकली, माझ्या हजेरीपटात टिकली. काकी म्हणायच्या, "देवाचा काम हाय म्हनून गप हाय मी, नायतर सगळा चुलीत घातला असता."

अक्षरांच्या डोक्यावरची रेघ भोकांनी पाडायचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी बल्बांची ती एक ओळ सरळ मेनला जोडून टाकली. कायम पेटती. त्यामुळे शब्द एकमेकांपासून सुटेचनात, सगळं गाऱ्हाणं एका दांडीवर वाळत घातलेलं. मी हरकत घेतली. उत्तर आलं: "देवाला शब्द तोडून सांगावे लागत नाहीत. तुमच्या चौथीला लागत असतील."

पट्टी ओढायला आधी टेबलफॅनची मोटर लावली. गाऱ्हाणं असं काही सुटलं की देव सोडा, मीही वाचू शकले नसते. पट्टी फाटून माजघरात उडाली. मग शिलाई मशीनचं पायडल लावलं, आणि पायडलवर काकी. वाडीची पोलकी शिवण्यात त्यांचा जन्म गेलेला, पाय अगदी एकसारखे पडायचे. मालक खिळ्यांजवळ उभे, काकी पायडलवर, आणि जे त्यांना वाचता येत नव्हतं ते त्यांच्या पायांच्या ठेक्यावर भिंतीवरून चालत जायचं.

सराव म्हणून पडवीत रोज संध्याकाळी काही ना काही चालवायचे. पहिल्या दिवशी चाललं: "दूध पातळ आहे." दूधवाला तेव्हाच भांडायला आला, पण आधी दहा मिनिटं उभा राहून स्वतःची बदनामी कौतुकानं वाचत राहिला. मग "वासरू कोणाचं? आमचा पावटा खाल्ला." मग माझ्यावर: "शिक्षक स्वतः शाळेत उशिरा." वाडीतली माणसं जेवणं लवकर आटोपून पडवीपुढच्या खळ्यात येऊन बसायला लागली. वर्तमानपत्र आमच्याकडं दुसऱ्या दिवशी दुपारी यायचं, हे ताजं. आठवड्याभरात लोक बातम्या घेऊन यायला लागले. सुनेची सासूविरुद्ध, सासूची सुनेविरुद्ध. निवडणुकीला उभं राहू बघणारा एक पुढारी जीपमधून आला आणि "माझं नाव फिरवा" म्हणाला. मालकांनी पाटी धरली: "हे यंत्र देवाशी बोलायला केलंय. माणसांवर नुसता सराव चाललाय."

खरी गंमत पुढं. गावाची बैठक बसली. गाऱ्हाणं दिव्यांनी घातलेलं चालेल का? चुलतभावाचं म्हणणं, गाऱ्हाणं तोंडानं. म्हातारे गुरव म्हणाले, "होकार पडला तर गाऱ्हाणा झाला. मंग तो तोंडानं घाला नायतर कशानं. होकार नाय पडला तर मान वरल्या घराकडं." ठरलं. मालकांनी मान हलवली. मला वाटलं, सुटलो. कुठलं? कोणी तरी विचारलं, बोर्डाचं तोंड कुठं करायचं?

झालं! गाऱ्हाणं देवाला घालायचं, तर बोर्डाचं तोंड पालखीकडं हवं. पण मग गावाला दिसणार बोर्डाची पाठ, होकार देणार कशाला? तोंड गावाकडं केलं तर देवाकडं पाठ. पाप! एकानं विचारलं, "देवाला वाचता येता काय?" दुसरा खवळला, "तुला येता आनि देवाला येनार नाय?" तिसऱ्याला शंका, देव जुना, त्याला मोडी येत असेल, ही अक्षरं कशी कळणार? याच्यावर तीन बैठकी झाल्या. शपथ घेऊन सांगते, तीन. शेवटी गुरव वैतागून म्हणाले, बोर्ड आडवा ठेवा, देवानं डावीकडनं बघावं नि गावानं उजवीकडनं. मग बाईमाणसानं पायडल मारलेलं चालतं का, हा मुद्दा निघाला. गुरवांनी विचारलं, "मंग तुमी मारताव?" कोणी पुढं आलं नाही.

शिमग्याच्या त्या दिवशी दिवेलागणीला पालखी सहाणेवर बसली. वीज जाणार म्हणून निम्म्या गावानं पैज लावली होती. नाही गेली. मालक धुवट सदरा घालून खिळ्यांजवळ उभे. चुलतभाऊ मानकऱ्यांच्या ओळीत हाताची घडी घालून, बोर्डाकडं अर्धी पाठ करून उभा. दादाची अक्षरं वाचायचीच नाहीत असं ठरवून आलेला. काकींनी पदर खोचला, पालखीला नमस्कार केला, पायडलला केला आणि पाय मारला.

"बा" आला. मागून "दे" आला. "वा" आला. एका वेळी तीन अक्षरं, चौथं येईतो पहिलं गेलेलं. वाचता येणाऱ्यांचे ओठ हलायला लागले. न येणारे विचारायला लागले, "काय आला? काय आला रं?" मग एकानं मोठ्यानं वाचलं. बाजूच्यानं वाचलं. माझ्या शाळेतल्या पोरांनी सवयीनं हेल काढून वाचलं, आणि बघता बघता अख्खा गाव एका सुरात वाचायला लागला, सहाणेपुढं ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं त्या बायकासुद्धा: "रो-ग-रा-ई वे-शी-बा-हे-र ने रे म्हा-रा-जा!"

आणि मग काहीच नाही.

होकार देणार कोण? सगळा गावच मागत होता! वाचून झालं, की जो तो पुढच्या अक्षराकडं डोळे लावून. मी कपाळावर हात मारला. दोन महिने भोकं पाडली, देवाच्या शिक्षणावर तीन बैठकी झाल्या, आणि ही एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही. मी तर मास्तरीण! सगळे एकदम वाचायला लागले की उत्तर कोणीच देत नाही, हे मी रोज वर्गात बघते.

दुसरी मागणी आली, गाईगुरांची. गावानं वाचली. होकार नाही. मानकरी एकमेकांकडं बघायला लागले. चुलतभावाच्या मिशीत हसू. मालकांना कळलं होतं. ते गावाकडं बघून हात नाचवत होते, स्वतःच्या तोंडाकडं बोट दाखवत होते, तोंडानं "व्हय, व्हय" करत होते आणि आवाज नव्हता. लोकांना वाटलं, मोठ्यानं वाचा म्हणतायत. ते आणखी मोठ्यानं वाचायला लागले. मला तिथं सगळ्यांवर ओरडावंसं वाटत होतं. घाटावरची, त्यात बाई. कोणत्या हक्कानं ओरडू? तोंडात पदर कोंबून उभी राहिले.

तिसरी ओळ सुरू झाली. ती मी पाडलेली नव्हती. मालकांनी कधी तरी माझ्या मागं एकट्यानं पाडली असणार, अक्षरं वाकडीतिकडी होती. गाव वाचत गेला: "मुं-बै-स गि-र-णी-त अ-ड-क-ले-ल्या आ-म-च्या पो-रां-ना सु-ख-रू-प घ-रा-क-डं आ-ण रे म्हा-रा-जा!"

ते गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष. चुलतभावाचा थोरला मुलगा गिरणीत होता आणि चार महिने त्याचं पत्र नव्हतं. वाडीत सगळ्यांना माहीत होतं, कोणी त्याच्यापुढं विषय काढत नसे.

"व्हय म्हाराजा!"

एकटाच ओरडला तो. हाताची घडी कधी सुटली त्याचं त्यालाही कळलं नसेल. आवाज चिरकलेला. सगळी सहाण त्याच्याकडं बघायला लागली, आणि त्यानं हात जोडून पुन्हा म्हटलं, "व्हय रे म्हाराजा, व्हय!"

गुरव म्हणाले, "होकार पडला. मागनारा गाव, तर होकाराला एक पुरं. चालू दे."

चालू दे कसलं, काकी थांबल्याच नव्हत्या. पुढची मागणी निम्मी येऊन गेली होती. आणि आता चुलतभाऊ पुरता अडकला. स्वतःच्या पोराला "व्हय" म्हटलं, आता गावाच्या भाताला "नाय" कसं म्हणणार? गाव वाचायचा, मग सगळा गाव त्याच्याकडं बघायचा, आणि तो "व्हय म्हाराजा" करायचा. शेवटच्या ओळीपर्यंत एकट्यानं त्यानं होकार दिला. शेवटी शेवटी नुसता घोगरा आवाज निघत होता. घाम पुसायलाही काकींनी त्याला उसंत दिली नाही.

नारळ फुटले, गुलाल उडाला. बोर्डाचे दिवे मालवले. चुलतभाऊ लोकांतून वाट काढत आला. मालकांकडं बघितलंच नाही त्यानं. पायडलजवळ येऊन घसा खाकरत म्हणाला, "वयनी, पुढल्या शिमग्याला पाय जरा सावकाश मारा. माझा म्हाराजा संपत नाय तोवर तुमचा पुढला येता."

पुढल्या शिमग्याला. मालकांनी ते ऐकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते त्यांचे. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

काकी पायडलवरून उठल्या, खोचलेला पदर सोडला, गुडघे चोळले आणि म्हणाल्या, "मी नाय सावकाश मारनार. तुमी दम वाढवा, भावजी."